पावलांची डबी

नानाजीच्या कमरेला सरकारनं डबी बांधली, तेव्हा आंबेटोल्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटलं, बिचाऱ्याला काही आजार झाला असावा. नागभीडच्या दवाखान्यात म्हणे असलं काही काही लावून देतात. रुखमानं तर बोरिंगवर कमळाला गाठून हळूच विचारलंही, "काऊन वो, दुखते का तेथी?"

"दुखत गिखत नाई," कमळा पाण्याचा गुंड घासत म्हणाली. "पावलं मोजते ते."

"कोनाचे?"

"कोनाचे म्हंजे? ज्याच्या कमरेले हाये त्याचे."

रुखमानं गालावर बोट ठेवलं आणि घरी जाऊन ही बातमी दुप्पट करून सांगितली.

खरी गोष्ट एवढीच होती की जंगलाच्या नाक्यावर नवीन रेंजर मॅडम आल्या होत्या. मंजुषा मॅडम. वय अठ्ठावीस-एकोणतीस, बोलणं साताऱ्याकडचं, चालणं घोड्यासारखं. नाक्याखाली पाच रोजंदारीचे वनमजूर होते आणि वरून हुकूम आला होता की पोळ्याच्या आत दोन कमी करून तीनच ठेवायचे. आधीच्या साहेबानं ओळखीपाळखीचे तीन ठेवून मोकळं केलं असतं. मॅडम तशा नव्हत्या. त्यांनी कुठून तरी काडेपेटीएवढ्या सात डब्या मागवल्या, पाच मजुरांना, एक स्वतःला आणि एक जास्तीची. डबीचं झाकण उघडलं की आत काच आणि काचेत आकडा. माणूस चालला की आकडा वाढायचा. जो जंगलात जास्त फिरतो तो राहील, असा मॅडमचा सरळ न्याय. आठवड्याला सत्तर हजार पावलं झालीच पाहिजेत. दर शनिवारी सांजच्याला गार्ड अजय झाकण उघडणार, आकडा वहीत लिहिणार आणि बटन दाबून डबी पुन्हा शून्यावर आणणार. मधे कोणी बटनाला हात लावायचा नाही.

न्याय सरळ होता, पण नानाजी सरळ चालणारा माणूस नव्हता. म्हणजे तो चालायचाच कमी. पंचवीस वर्षं जंगलात काढलेल्या या माणसाची फिरण्याची तऱ्हाच वेगळी होती. दोनशे पावलं चालायचं आणि बसायचं. नाल्यावर बसायचं, मोहाखाली बसायचं, वारुळाच्या आडोशाला बसायचं आणि कान द्यायचा. कोण ओरडलं, कोण गप्प झालं, कुठल्या अंगाला कुऱ्हाड पडते आहे, सगळं बसल्या जागी. घरीही तो तसाच. घरापुढच्या सपरीत बसला की बसला. कमळा चिडून म्हणायची, "तुमाले तं मुंग्या बी झाड समजत असतीन."

पहिल्या शनिवारी नानाजीच्या डबीत सव्वीस हजार निघाले. इसरूच्या एकाहत्तर.

इसरू त्याच नाक्यावरचा दुसरा मजूर. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बसल्या बसल्या पाय हलवण्याची खोड होती. नाक्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून तो दिवसभर मांडी उडवायचा, आणि कमरेची डबी टिकटिक मोजत राहायची. सगळ्यांना ते दिसत होतं. मॅडमना कोण सांगणार?

"नानाजी, पुढच्या आठवड्यात आकडा वाढला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. रागानं नाही, काळजीनं म्हणाल्या. त्यामुळे नानाजीला जास्तच लागलं.

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी, रविवारी पहाटे, गोठ्याच्या चिखलात त्याचा पाय सटकला. गुडघा बघता बघता नारळाएवढा झाला. कमळानं निरगुडीचा पाला गरम करून बांधला. पाला बांधताना तिचं लक्ष त्याच्या कमरेकडे होतं.

"काढा ते," ती म्हणाली.

"काय?"

"डबी. मले द्या."

"तुले कायले?"

"तुमी काठी घेऊन जाजा जंगलात. बसाजा तुमच्या नाल्यावर. डबी माह्यासंग येईन रोवणीले."

नानाजी तिच्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्यानं सरकारी लाकडाची एक ढलपी घरी आणली नव्हती. चुलीला जळण कमळा आणायची तेही वाळकं, पडलेलं, आणि तो घरी नसताना. तो म्हणाला, "खोटं होईन वो ते."

"इसरूची मांडी खरी हाये काय?" कमळानं विचारलं.

 नानाजीनं डबी काढून दिली.

कमळानं ती पॉलिथिनमधे गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि लुगड्याच्या ओच्यात, चंचीच्या शेजारी खोचली. मग गुंड उचलून बोरिंगवर गेली. कामाला सुरुवात झाली, पण खरं म्हणजे तिचं काम रोज याच वेळी सुरू व्हायचं. आज फक्त कमरेला साक्षीदार होता.

बोरिंगच्या चार खेपा. शेण काढणं. अंगण. चूल. मग भात आणि अंबाडीची भाजी डब्यात बांधून अर्ध्या कोसावर पाटलाच्या भाताच्या बांधीत. रोवणीचे दिवस होते. बांधीत पोटरीभर चिखल, डोक्यावर मेणकापडाची खोळ, तिच्यावर पावसाची झोड, आणि बारा बायका एका ओळीत वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, रोवत मागं मागं सरकत होत्या. रोवणी पुढं चालून होत नाही. पुढं चाललं तर रोवलेलं पायाखाली येईल. म्हणून बाई मागं सरते आणि तिच्या समोर हिरवं होत जातं.

पहिली ओळ, म्हणजे पहिलं तास, अर्धं झालं आणि कमळाच्या काळजात धस्स झालं.

आपण तर मागं चालतो आहोत!

पुढं गेलं की डबीचा आकडा वाढतो. मग मागं गेलं की तो कमीच होणार, दुसरं काय होणार? सकाळपासून बोरिंगच्या खेपा घालून जमवलेली पावलं चिखलात एक एक करून जात होती.  झाकण उघडून बघावं तर हात कोपरापर्यंत चिखलात.

तास संपलं तशी ती बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर चढली आणि धुऱ्यानं तरातरा पुढं चालत गेली. टोकापर्यंत गेली, वळली, आणि पुन्हा तशीच तरातरा आली. बायका कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. दुसरं तास झाल्यावर पुन्हा तेच. तिसऱ्याला रुखमाच्यानं राहवलं नाही.

"बाप्पा! कमळाबाईले झालं तरी काय? हगवण लागली काय वो?"

"पाय आकडले माहे."

"आकडले तं बसते मानूस. तू तं धावून राह्यली!"

शेवटी रुखमानं जेवणाच्या सुट्टीत तिचा ओचा चाचपला आणि डबी सापडलीच. आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. कमळानं सगळं सांगितलं, उलट्या पावलांचंही सांगितलं, आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली. अकरा बायकांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की बांधावरचे बगळे उडाले.

"मंग असं करू," रुखमा डोळे पुसत म्हणाली, "परे आनाले तूच जाय. खाचरापासून इथवर पुढं पुढं चाल. मागचं फिटून जाईन."

हे सगळ्यांना पटलं. परे उपटलेल्या खाचरातून पेंढ्या डोक्यावर घेऊन यायचं जड काम, जे गडी करायचे, ते त्या दिवशी निम्मं कमळानं केलं. भिजलेल्या पेंढ्यांचं पाणी मानेवरून पाठीत आणि पाठीवरून डबीवर. संध्याकाळी येताना वाकडी वाट करून तिनं जळणही आणलं.

दिवा लागायच्या सुमाराला ती सपरीत बसली, हात धुतले, लुगड्याला पुसले आणि पॉलिथिन सोडलं.  चौथीपर्यंत शिकलेली असल्यानं आकडे तिला येत होते. नानाजी कंदील घेऊन शेजारी वाकला.

"चवदा हजार," तिनं वाचलं. "एकशे पाच."

नानाजीनं डबी हातात घेतली, कंदिलाजवळ धरली, पुन्हा वाचली.

"एका दिसाचे?"

"मागचे वजा जाऊन," कमळा म्हणाली.

 नानाजीनं डबी खाली ठेवली आणि कमळाच्या पायांकडे बघितलं. चिखलानं बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या, टाचेला चीर होती. एकतीस वर्षं ते पाय या घरात वावरत होते. तो उठला आणि त्यानं कोपऱ्यातली करंजीच्या तेलाची शिशी तिच्यासमोर आणून ठेवली. लंगडत गेला, लंगडत आला.

"बसा जी तुमी," कमळा म्हणाली. तिला लाजल्यासारखं झालं होतं.

मग रोजचाच नेम झाला. नानाजी काठी टेकत जंगलात जायचा, बसायचा, ऐकायचा. डबी रोवणीला जायची. संध्याकाळी दोघं सपरीत बसून आकडा वाचायचे, जशी काही घरात नवीन वासरी आली आहे आणि ती रोज थोडी थोडी मोठी होते आहे. शुक्रवारी अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे चाळीस झाले. कमळाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. उद्या इसरूचं तोंड बघायला मिळालं पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. आणि शनिवारी तर ती हातापायात वारं भरल्यासारखी राबली, आणि नाक्याच्या वाटेवर घाईघाईत, झाकण न उघडताच, डबी नानाजीच्या हातात दिली.

शनिवारी सांजेला नाक्यावर पाचही मजूर ओळीनं उभे राहिले. मॅडम खुर्चीत. कमळा जळणाची मोळी डोक्यावरून उतरवून रस्त्याच्या पलीकडे, चिंचेखाली, उगाच पदर झटकत उभी राहिली. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

अजयनं इसरूची डबी उघडली. "चौऱ्याहत्तर हजार."

इसरूनं मिशीवर हात फिरवला.

अजयनं नानाजीची डबी उघडली. बघितलं. डबी हलवली. पुन्हा बघितलं.

"तीन हजार नऊशे बारा."

कोणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी मान वर केली. "किती?"

"तीन हजार नऊशे बारा, मॅडम. आठवड्याचे."

मॅडमनी डबी स्वतःच्या हातात घेतली. आकडा तोच होता. त्यांचा चेहरा उतरला. "नानाजी, अहो घरातल्या घरात माणूस यापेक्षा जास्त चालतो. आठवडाभर झोपला होतात का तुम्ही?"

नानाजी मान खाली घालून उभा होता. काठी त्यानं पाठीमागं लपवली होती.

"पाय दुखत असेल तर सांगायचं. सुट्टी दिली असती. पण हजेरी रोजची लावायची आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "सोमवारपासून येऊ नका. मला वाईट वाटतंय, पण मी सगळ्यांना एकच नियम लावलाय."

इसरू हसला नाही, हे त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे. तो नुसता पाय हलवत राहिला.

 सपरीत बसल्यावर नानाजी म्हणाला, "जाऊ दे. खोटं होतं, वाहून गेलं."

"खोटं?" कमळा उसळली. "माहे एक लाख पावलं खोटे काय? काल मी माह्या डोयानं पाह्यले अठ्ठ्याऐंशी हजार! कुठी गेले?"

"मागं चालण्यात गेले असतीन."

"सहा दिवस नाई गेले आन् एका दिसात गेले?"

नानाजीनं तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण चार माणसांत झोपाळू ठरल्याचं दुःख मोठं होतं. कमळाला ते पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरून कळलं. 

रविवारी सकाळी ती सहाच्या एसटीनं नागभीडला गेली. स्टँडच्या मागं अयूबचं घड्याळाचं दुकान होतं, दुकान म्हणजे काचेची पेटी आणि एक स्टूल. नाक्यावरच्या डब्यांचे बारके सेल तोच बदलून देतो, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

अयूबभाईनं डोळ्याचं भिंग काढलं आणि पेटीतून तशीच एक डबी बाहेर काढली. "ये देखो बाई. साहेब लोकाइनं सेल टाकाले देली हाये." त्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत केसाएवढ्या स्प्रिंगवर एक नखाएवढा तुकडा लटकत होता. "ह्याले पुढं समजत नाई, मागं समजत नाई. झटका लागला, का एक. बस."

"म्हंजे मागचे वजा नाई होत?"

"कायले वजा होईन? याले अक्कल कुठी हाये?"

कमळानं कपाळाला हात लावला. आठवडाभर तिनं गड्यांच्या वाटच्या पेंढ्या वाहिल्या होत्या. मग ती आपल्याच येडेपणावर हसली, आणि अयूबही हसला.

"मंग माहे लाख पावलं कुठी गेले, अयूबभाऊ?"

अयूबनं काचेवर बोट ठेवलं. "खिडक्या मोजा."

"एक, दोन... पाच."

"पाचच खिडक्या. नव्व्यान्नव हजार नऊशे नव्व्यान्नव. त्याच्यापुढं एक पाऊल टाकलं का बिचारा फिरून शून्यावर. माह्या लुनाचा मीटर बी असाच फिरला. ह्या डब्या शहरातल्या लोकाइसाठी बनवल्या बाई. ते लोक रोज सकाळी फिरते, घरी आले का बटन दाबते. आठवडाभर कोनी एवढं चालन, असं बनवनाऱ्याच्या डोक्यातच नाई आलं." त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "आन् एक सांगू? चिखलात पाय हळूहळू निघते, झटका लागतच नाई. म्हंजे रोवणीतले निम्मे पावलं तं यानं मोजलेच नसतीन."

कमळा स्टुलावर टेकली. लाख पावलं हरवली म्हणून ती आली होती, आणि इथं कळलं की आणखी कितीतरी कधी मोजलीच गेली नव्हती. तिला हसावं की रडावं कळेना. अयूबनं शेजारच्या टपरीवरून तिला चहा मागवला आणि पैसे विचारले तर कानावर हात ठेवले.

सोमवारी ती रोवणीला गेली नाही. नानाजीनं तिला परोपरीनं सांगितलं, "नको जाऊ वो. खोटं केलं ते बी समजन, आन् मंग जन्मात नाई घेत मले." ती ऐकायला तयार नव्हती. म्हणाली, "चोर मना, पन झोपला होता नको मना." आणि निघाली. मग काठी टेकत तोही मागून निघाला.

मॅडम नाक्यावर डबा खात होत्या. कमळा समोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. डबी माझ्या कमरेला होती. पावलं माझी होती. लाखावर गेली म्हणून डबी फिरली. दोष माझा, माझ्या माणसाचा गुडघा बघा.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "काकू, तुम्ही म्हणताय ते खरं असेल तर ती फसवणूक आहे. आणि लाख पावलं आठवड्यात? मी रोज पाच किलोमीटर धावते. माझीसुद्धा होत नाहीत."

"मंग लावून पाहा ना जी. तुमच्या हातानं लावा."

 मॅडम तरुण होत्या, हट्टी होत्या, पण खोट्या नव्हत्या. आकडा चुकीचा असू शकतो ही गोष्ट त्यांना झोपू देणार नव्हती. त्यांनी आपल्या पट्ट्याची डबी काढली, बटन दाबून शून्य केली आणि कमळाच्या ओच्याला स्वतः लावली. "उद्या संध्याकाळी मी घेऊन जाईन. उद्या सकाळपासूनच मोजायचं, आज काढून ठेवा." मग नानाजीकडे वळल्या. "आणि उद्या मी तुमच्याबरोबर जंगलात येणार. बघू द्या मला तुम्ही काय करता ते."

मंगळवारी कमळा नेहमीसारखीच राबली. मुद्दाम जास्त काही केलं नाही. धुऱ्यावर धावली नाही, पेंढ्या गड्यांनी आणल्या.  रुखमानं एकदाच विचारलं, "घाबरली काय वो?" कमळा म्हणाली, "हो." तिचं मन बांधीत नव्हतंच. नानाजी मॅडमला घेऊन कुठे बसला असेल? बसू नका जी, आजच्या दिवस तरी बसू नका, असं ती मनातल्या मनात शंभरदा म्हणाली असेल.

संध्याकाळी ती घरी आली तर अंगणात जीप. मॅडम सपरीत बसल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत पाचोळा. नानाजी खांबाला टेकून.  बसला होता हा माणूस. नक्कीच दिवसभर बसला होता.

मॅडमनी हात पुढे केला. कमळानं डबी दिली.

"तेरा हजार आठशे," मॅडमनी वाचलं. मग त्यांनी खिशातून दुसरी डबी काढली, नानाजीची. "हे यांचे. तीन हजार दोनशे."

कमळानं पदर तोंडाला लावला.

"सकाळपासून नुसतं बसवून ठेवलं हो यांनी मला," मॅडम म्हणाल्या. "एका मोहाखाली तीन तास. पाऊस, डास. मी दोनदा रागावले. मग यांनी एकदम बोट वर केलं. मला पानांवरच्या पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. म्हणाले, कुऱ्हाड आहे, दोन जण आहेत, पहाडीच्या पलीकडं. अजयला पाठवलं. माणसं पळाली, पण सागाचे सात लठ्ठे आणि दोन सायकली सापडल्या. तो भाग इसरूकडं आहे, वहीप्रमाणे त्याची पावलं रोज तिथंच पडतात." त्या थोडा वेळ डबीशी चाळा करत राहिल्या. "चुकलंच माझं. मला वाटलं, मोजता येतं ते खरं."

 कमळानं सुचेल ते केलं, काळा चहा केला.

चहा पिऊन मॅडम उठल्या. "नानाजी, तुम्ही राहाल. डब्या मी परत पाठवते आहे. पण डबी दुसऱ्याला बांधली ते बांधलीच. आठ दिवस कामावर येऊ नका. गुडघाही बरा होईल." जीपमध्ये चढताना त्या पुन्हा वळल्या आणि कमळाला म्हणाल्या, "माझी आई शेतात जायची, काकू. मी तिला कधी विचारलंच नाही."  जीप गेली.

कमळाचा जीव भांड्यात पडला. ती खांबाजवळ बसली आणि पहिल्यांदा मनसोक्त रडली. नानाजी शेजारी बसून होता. तो बसण्यात पटाईतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाला जाग आली तेव्हा गुंड जाग्यावर नव्हता. ती अंगणात आली तर नानाजी काठी एका हातात आणि गुंड खांद्यावर घेऊन बोरिंगकडून येत होता. अर्धं पाणी अंगावर सांडलं होतं. ओठ हलत होते.

"दोनशे तेरा... दोनशे चवदा." त्यानं गुंड टेकवला. "भल्ली दूर हाये वो बोरिंग."

"आत्ता समजलं?"

"आत्ता."

तिनं त्याला गुडघ्यावरून चार शिव्या घातल्या. त्यानं ऐकून घेतल्या आणि दुसऱ्या खेपेला गेला.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं कहर केला. दुपारी पाटलाच्या बांधीवर येऊन धुऱ्यावर काठी ठेवली, धोतर खोचलं आणि चिखलात उतरला. रोवणीत, बायकांच्या ओळीत. आंबेटोल्यात गडी माणूस औत हाकतो, पेंढ्या वाहतो. परे रोवायला वाकलेला गडी कोणी पाहिला नव्हता. बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

"काऊन गा, नानाजीभाऊ," रुखमा ओरडली, "सरकारनं लुगडं बी देलं काय?"

हसण्याचा फवारा उडाला. कमळाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "जा जी घरी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "गुडघा हाये तुमचा."

"चिखल नरम हाये," नानाजी म्हणाला. त्यानं रुखमाच्या पेंढीतून चार परे काढले आणि कमळाच्या शेजारी वाकला. वाकडेतिकडे रोवले. एक पाय मागं ओढला. मग दुसरा. "एक," तो म्हणाला. "दोन."

"हे काय मोजून राह्यले?"

"डबीनं नाई मोजले ते."

 पाऊस पडत होता. नानाजी चाळीसपर्यंत गेला, साठपर्यंत गेला. त्याला धाप लागली, मोजणं तुटलं, त्यानं मागचा आकडा आठवून पुन्हा धरलं. त्याची ओळ सापासारखी वाकडी जात होती आणि तो सगळ्यांच्या मागं राहिला होता.

कमळाचा हात रोवणीत सगळ्यांत जलद. रुखमासुद्धा तिच्या बरोबरीला पोचायची नाही. त्या दुपारी तिनं आपला हात आवरता घेतला. एक परा रोवायची, त्याच्याकडे बघायची, त्याचं पाऊल मागं सरलं की मग आपलं सरकवायची.

"ब्याऐंशी," नानाजी म्हणाला.

"त्र्याऐंशी," कमळा म्हणाली.